अतारांकित

मडगावला कोंबात, शिवणक्लासच्या वर एक खोली आहे.
जिना इतका अरुंद, की वर चढणाऱ्याने
उतरणाऱ्याला भिंतीला टेकून वाट द्यायची.
सत्तावीस वर्षं मी तिथे टाइप केलं
पाच खासदारांसाठी.
पक्ष किती, ते विचारू नका.
दोघांनी तर मधेच बदलला;
मी कागदाचा मथळा बदलला.

खाली पायमशिनी चालायच्या,
माझ्या 'सविनय' आणि 'विनंती'च्या मधून
कुणाच्या तरी झग्याची टीप जायची.

पहिले पाण्याबद्दल बोलायचे, दुसरे फारसे बोलायचे नाहीत.
तिसरे जानेवारीत दिल्लीहून फोन करायचे,
कामाचं काही नसायचं:
"बाणावलीला ऊन पडलंय ना रे?"
चौथ्यांनी सहीआधी मजकूर कधी वाचला नाही.
पाचव्यांनी वाचला, आणि एक अनुस्वार खोडला.

पोळेपासून फोंड्यापर्यंत आमचा मतदारसंघ.
आधी त्याचं नाव मुरगाव होतं.
कुठेतरी नकाशावर पेन्सिल फिरली, तो दक्षिण गोवा झाला.
समुद्र होता तिथेच राहिला.
जुना रबरी शिक्का मी घरी नेला.
नातीच्या बाहुलीच्या दंडावर अजून मुरगाव उमटलेला आहे,
ती कुठे मत देते कोण जाणे.

आणि एस्पेरांसा कुलासो.
बेतूलहून पहिल्या बसने यायची,
पिशवीत तिसऱ्या, ओल्या फडक्यात बांधलेल्या.
"लाच न्हय, बाब शाणू. भरतीच बरी होती."
नवरा मालवाहू जहाजावर मोटरमन,
नाव उच्चारता येणार नाही अशा बंदरात वारला.
पेटी आली. पेन्शन आली नाही.
तिची फाईल पहिल्यांच्या वेळी उघडली,
चौथ्यांपर्यंत ती उंड्याएवढी फुगली.

तेव्हा कुठे प्रश्न लागला. क्रमांक २३१७.
*(क) परदेशी जहाजांवर मृत्यू पावलेल्या खलाशांच्या विधवांना*
*निवृत्तिवेतन मिळण्यास विलंब होत आहे, हे खरे आहे काय;*
*(ख) असल्यास, त्याचा तपशील काय;*
*(ग) नसल्यास, त्याची कारणे काय?*

मीच टाइप केला होता. अर्धविरामासकट पाठ आहे.

उत्तर आलं त्या दिवशी ती समोरच्या खुर्चीवर
टोकाला बसली, बस सुटणार असल्यासारखी.
मी वाचलं:
*(क) ते (ग): माहिती संकलित करण्यात येत असून*
*ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.*

"पटल म्हणजे?"
मेज, म्हणालो.
"केवढं?"
मी कधी पाहिलं नव्हतं.
हात पसरून दाखवलं, ते जरा जास्तच झालं.

"खासदारांनी हे उभं राहून विचारलं?"
नाही. अतारांकित प्रश्नाला उभं राहत नाहीत.
तो छापतात. उत्तरही छापतात.
"म्हणजे इतक्या लोकांत कोणी तोंडाने बोललंच नाही?"
पाचशेत्रेचाळीस खुर्च्या, असं मी सांगू लागलो,
त्यांतल्या गोव्याच्या दोन,
त्यांतली आपली एक…
ती कागदावर बोट फिरवत होती.
"हातूंत इनासियु खंय?"

मी शोधल्यासारखं केलं.
मग 'विधवांना' या शब्दावर बोट ठेवलं,
तिथे तीच होती, तीही अनेकवचनात.

दार लावून घेतलं.
उभा राहिलो, का ते माहीत नाही, शर्ट खोचला
आणि प्रश्न मोठ्याने वाचला,
(क) मध्ये इनासियु कुलासो घालून, गाव बेतूल.
खाली मशिनी चालूच होत्या.
ती म्हणाली, "घरी त्याला इनास म्हणायचे."
मी पुन्हा वाचला.

मागच्या निवडणुकीनंतर ती मासळी बाजारात दिसली.
बोटावर शाई, त्यावर खवले चिकटलेले.
कोण निवडून आलं, हे दोघांनीही काढलं नाही.
"ठेवलं का रे त्यांनी, त्या मेजावर?"

"बघतो," मी म्हणालो.
निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली होती.